पेंटरच्या घरची जोडाक्षरं

श्रीमंत पेंटरला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट सगळ्या औशात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको केवळा. तिसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं. कारण बसस्टँडपासून किल्ल्याच्या वेशीपर्यंत दुकानांवर जे बोर्ड दिसत, त्यांतले निम्मे श्रीमंतच्या हातचे होते. अक्षर कसं, तर ओळीत बसवलेल्या मोत्यांसारखं.

हे असं का झालं, त्याला कारण होतं. श्रीमंत लहान असतानाच त्याचा बाप गेला आणि आईनं त्याला लातूरला महबूब उस्तादांच्या हाताखाली ठेवलं. उस्ताद निजामाच्या काळापासून बोर्ड रंगवायचे. त्यांना उर्दू उत्तम येत होतं. पुढं राज्य बदललं आणि दुकानदार मराठी बोर्ड मागायला लागले. उस्तादांचं वय झालेलं. ते नवी अक्षरं शिकण्याच्या भानगडीत पडले नाहीत. गिऱ्हाइकाकडून कागदावर मजकूर लिहून घ्यायचे आणि तेच चित्र मोठं करून पत्र्यावर काढायचे. "देख बेटा," ते श्रीमंतला सांगत, "पढने का काम गिराक का. अपना काम देखने का."

श्रीमंतनं तेच उचललं. कोणत्या अक्षराचं पोट किती फुगवायचं, शेपूट कुठं मोडायचं, वेलांटी किती झुकवायची, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. त्या अक्षराला म्हणतात काय, ते मात्र ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "तुमच्या हातानं लिहून द्या. मागून तक्रार नको." लोकांना वाटायचं, माणूस कामाला चोख आहे.

एकाच जागी त्याचा जीव खालीवर व्हायचा. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीआधी वस्तीतल्या बुद्धविहाराची भिंत तो फुकट रंगवून द्यायचा. निळ्या रंगात मोठ्ठं 'शिका' लिहायचा. त्या शब्दाचा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. वस्तीतली पोरं शिकून कुणी तलाठी, कुणी मास्तर झालेली. ती म्हणायची, "श्रीमंतकाका, काय झकास लिहिलंय!" आणि हा डब्यात ब्रश बुडवून मान खाली घालायचा.

ज्या वर्षी लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. ऑगस्टात लातुरात फटाके वाजले, मिरवणुका निघाल्या, आणि त्याच पावसाळ्यात औशाकडं आभाळानं पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी आली आणि तिथंच करपली. दिवाळीला विहिरींचे तळ दिसायला लागले. लग्नं पुढं ढकलली, नवी दुकानं निघेनात. मग बोर्ड कोण रंगवणार? डब्यातल्या रंगावर साय धरली. केवळा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

श्रीमंतला तारलं ते नव्या जिल्ह्यानं. तालुक्यातल्या शाळा, चावड्या, दवाखाने, सगळ्यांवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं. तिथं आता 'जि. लातूर' लिहायचं होतं. श्रीमंत सायकलला डबे अडकवून गावोगाव फिरू लागला. उस्मानाबाद चुन्यानं पुसायचं, वर लातूर काढायचं. आठवडाभरात त्याला लातूर हा शब्द असा बसला, की डोळे मिटून काढला असता.

त्याला एकच लेक. सुजाता. ती दुसरीत होती. जिल्हा फुटला तशा मास्तरांच्या बदल्याही झाल्या होत्या. सुजाताच्या वर्गाला नव्या बाई आल्या. महादेवीबाई. मूळच्या निलंग्याकडच्या, वयानं तरुण, आवाज बारीक. पण वर्गात कुणी चुळबुळ करायचं नाही. त्यांनी जोडाक्षरं घेतली आणि पोरांना सांगितलं, "रोज घरी पाच शब्द लिहायचे. घरातल्या कुणीतरी शब्द सांगायचे, तुम्ही पाटीवर लिहायचे. मग त्यांनी तपासून बरोबर-चूक करायचं. पाटी पुसायची नाही, तशीच आणायची. ज्यांच्या घरी वाचणारं कुणी नसेल, त्यांनी शेजारी जायचं."

सुजाता उड्या मारतच घरी आली. श्रीमंत दारात बसून ब्रश धूत होता.

"बाबा, मला शेजारी जायची गरज न्हाई," ती म्हणाली. "सगळ्या वर्गात माझेच बाबा पेंटर हायत!"

श्रीमंतनं आत पाहिलं. केवळा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण थापणारा हात क्षणभर थांबला.

"सांगा की शब्द," सुजातानं पाटी पुढं ओढली.

नाही म्हणायची ती वेळ होती. पण पोरगी अशी डोळे लावून बसली होती, की त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "लिही. वस्त्र."

वस्त्र त्यानं कितीतरी कापडदुकानांवर काढलं होतं. तिनं लिहिलं. त्यानं पाहिलं. चित्र ओळखीचं होतं, फक्त पहिल्या अक्षराचं पोट चपटं झालं होतं. "हे पोट भर जरा. अन् ही काठी सरळ उभी कर. हां." मग त्यानं सांगितलं, "मिष्टान्न." मग "प्रसन्न". मग "श्री". मग "प्रवेश". सगळे त्याच्या बोर्डांवरचे शब्द. 'मिष्टान्न'मध्ये तिचं काहीतरी राहिलं होतं. त्याला नाव सांगता येईना, पण चित्र अधू दिसत होतं. त्यानं पेन्सिल घेतली आणि राहिलेला तुकडा काढून दिला. ते बरोबर निघालं.

केवळा रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "काय करून राहिला तुम्ही?" तिचं माहेर भोकरकडचं. तिकडची बोली तिच्या जिभेवरून गेली नव्हती.

"शिकवून राहिलो," तो हसून म्हणाला. तिला हसू आलं नाही.

पण चार-सहा दिवस फार छान गेले. सुजाताचं अक्षर वर्गात पहिल्या नंबरचं झालं. बाईंनी तिची पाटी सगळ्यांना दाखवली. श्रीमंत संध्याकाळी परतताना सायकल जोरात हाणू लागला. रस्त्यानं मनात शब्द जमवायचा: आज हा सांगू, उद्या तो. पोरगी मांडीला मांडी लावून बसायची, जीभ दातात धरून लिहायची, आणि त्याला वाटायचं, आपल्यालाही येतंय की.

मग बोर्डांवरचे शब्द संपले. शिवाय सुजाताच म्हणाली, "दुकानाचे शब्द नकोत. रोजच्या बोलण्यातले सांगा, बाई म्हणल्यात."

रोजच्या बोलण्यात त्या साली एकच शब्द होता. "दुष्काळ," श्रीमंत म्हणाला. मग "चिठ्ठी", "घट्ट", "रस्ता", "कुत्रा".

तिनं भराभरा लिहिलं आणि पाटी त्याच्या हातात दिली. श्रीमंत पाहत राहिला. यांतला एकही शब्द त्यानं कधी पत्र्यावर काढला नव्हता. अक्षरं गोल होती, ओळ सरळ होती. एकही चित्र अधू वाटत नव्हतं. त्यानं पाचही शब्दांपुढं बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सुजाता शाळेतून आली ती दप्तर फेकूनच. डोळे लाल.

"काय झालं गं?"

"बाई म्हणल्या, तीन शब्द चुकले. दुष्काळ चूक, चिठ्ठी चूक, कुत्रा चूक. समदी पोरं हसली. म्हणत्यात, पेंटरच चुकला, पेंटरच चुकला."

श्रीमंतनं दप्तर उचलून तिच्यापाशी ठेवलं. "मग तू काय म्हणलीस?"

"म्या म्हणलं, माझे बाबा चुकत न्हाईत. त्यांनी बरोबर केलंय म्हंजे बरोबरच हाय. बाई, तुमचंच चुकलं." तिनं नाक ओढलं. "बाईंनी फळ्यावर लिहून दावलं अन् म्हणल्या, असं लिही. म्या न्हाई लिहिलं. म्या तुमचंच लिहिणार."

तिनं पाटी काढली. बाईंनी चूक सांगितलेले तिन्ही शब्द तिनं पुन्हा तसेच लिहिले होते, आधीपेक्षा ठळक, दाबून दाबून. वस्तादाच्या पोरीला शोभेल असं अक्षर होतं, आणि सगळं चुकीचं होतं.

श्रीमंत उठून बाहेर गेला. लाजेची त्याला सवय होती. इतकी वर्षं तो ती चपलेतल्या खड्यासारखी वागवत आला होता. पण आता त्याच्या लाजेपायी पोरगी बाईंशी भांडत होती आणि चुकीचं ते गिरवत होती. उद्या ती चौथीला जाईल, सातवीला जाईल. बापावरचा विश्वास तिला कुठं नेऊन सोडेल?

केवळा खडीच्या कामावरून आली. हाताला फडकी बांधलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला येत न्हाई, तर मी न्हाई म्हणते," ती म्हणाली. "कुणी मला खाल्लं का? तुम्ही येतं म्हणून बसलात, तिथं घोटाळा झाला."

"आता काय करू?"

"मला काय विचारता? बाईंकडं जा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत श्रीमंत शाळेत गेला. पोरं अंगणात खेळत होती. महादेवीबाई वर्गात एकट्या बसून डबा खात होत्या. त्याला पाहून त्या चटकन उठल्या.

"सुजाताचे वडील ना? बसा. हे पाहा, मी तिला बोलले नाही. पोरं हसली, त्यांना मी दटावलं. तुम्ही रागावला असाल, पण…"

"मी भांडायला आलो न्हाई बाई," श्रीमंत म्हणाला. पुढचं त्यानं वाटेत दहादा घोकलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. तो त्याच्याकडं बोट करून म्हणाला, "हे समदं मला काढता येतं. तुमच्या तक्त्याहून चांगलं काढीन. पण ह्यातलं एक मला वाचता येत न्हाई."

बाईंना आधी उमजलंच नाही. मग उमजलं. त्या हसल्या नाहीत, आणि अरेरेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"आमच्या घरी कन्नड," त्या म्हणाल्या. "पहिलीत बसवलं तेव्हा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजींनी ओंजळ तोंडाशी नेऊन विचारलं, तहान लागली तर काय मागशील? मी म्हणाले, नीरू. सगळा वर्ग हसला. मग मी दोन वर्षं तोंडच उघडलं नाही. आईला सांगायची, मला सगळं येतं. तिला कुठं मराठी कळत होतं? तिनं ते खरं धरलं."

"मग?"

"मग दुसरीच्या परीक्षेत नापास झाले, आणि सगळं बाहेर आलं." त्या आता हसल्या. "तिला मी सांगू का? की तुम्ही सांगाल?"

"मीच सांगतो," श्रीमंत म्हणाला.

रविवारी त्यानं सुजाताला सायकलच्या दांडीवर बसवून बरोबर नेलं. तीन कोसांवरच्या एका गावात चावडीवरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं उघडी पडली होती. मध्येच एक बाभळ दिसली, तिच्या सावलीला तो थांबला. पाण्याची बाटली तिला दिली. आणि तिथं त्यानं तिला सांगितलं. उस्तादांपासून सगळं सांगितलं.

सुजातानं नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे माझी पाटी तुम्ही वाचलीच न्हाई?"

"न्हाई."

"तरी बरोबर केलं?"

"हाव."

"म्हंजे मी उगंच बाईंशी भांडले."

त्याला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल, म्हणेल, असू द्या बाबा. तसलं काही झालं नाही. ती पुन्हा दांडीवर बसली. चावडीवर तो लातूर काढत असताना ती लांब एका ओट्यावर बसून राहिली. परत येताना त्याच्या छातीशी तिची पाठ होती, पण ती टेकली नव्हती.

सोमवारी ती आपण होऊन बाईंकडं गेली आणि म्हणाली, "माझंच चुकलं होतं." का चुकलं, ते तिनं वर्गात सांगितलं नाही. पोरांनी पुन्हा पेंटर, पेंटर सुरू केलं, तेव्हा तिनं एकाला असा चिमटा काढला की तो घरी जाऊन सांगत बसला. हे सगळं श्रीमंतला नंतर बाईंकडून कळलं.

घरी मात्र अबोला होता. शब्द घ्यायला ती शेजारच्या तलाठ्याच्या घरी जाऊ लागली. श्रीमंत दारात ब्रश धूत बसायचा आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकायचा. केवळा म्हणाली, "जाऊ द्या. शिकून तर राहिली ना?" ते खरं होतं. पण त्याला घर रिकामं वाटायचं.

एका संध्याकाळी ती पाटी घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसली. चेहरा महादेवीबाईंसारखा केलेला.

"ह्ये काय हाय?" तिनं पाटीवर एक अक्षर काढलं होतं.

श्रीमंतनं पाहिलं. "हे मिष्टान्नात येतं. पोटात तिरपी रेघ असती त्याच्या."

"त्याला षटकोनाचा ष म्हणायचं. तोच दुष्काळात येतो. म्हणा."

"ष."

"हात बांधून बसा," ती म्हणाली.

श्रीमंतनं हात बांधले. चुलीपाशी केवळानं पदर तोंडाला लावला.

शिकणं सोपं गेलं म्हणावं तर गेलं, अवघड म्हणावं तर अवघड. जत्रेत वर्षानुवर्षं भेटणारी माणसं असावीत, चेहरे सगळे ओळखीचे, पण नाव एकाचंही ठाऊक नसावं, तशी त्याची गत होती. नाव कळलं की अक्षर जन्माचं लक्षात राहायचं. पण मधेच सगळं गोंधळायचं. ऱ्हस्व-दीर्घात तर तो रडकुंडीला यायचा. सुजाता चिडायची. "किती येळा सांगू? कालच तर घेतलं!" कधी तिलाच आठवायचं नाही, मग ती त्याला तसंच थांबवून दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून यायची. एकदा बाईंनी विचारलं, "हे तर आपल्या वर्गात अजून घेतलं नाही. कुणासाठी विचारतेस?" ती म्हणाली, "आमच्या घरी एक पोरगं हाय, लई मठ्ठ." तिनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा श्रीमंत इतका हसला की त्याला ठसका लागला.

उन्हाळा आला. टँकर येऊ लागला. केवळा कामावरून थेट घागर घेऊन रांगेत उभी राहायची. परीक्षा झाली, सुजाता तिसरीत गेली. आणि मे महिन्यातल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, बाप-लेक गावात फिरायला निघाले. तिचीच कल्पना. "आज तुमचे बोर्ड वाचायचे," ती म्हणाली.

श्रीमंत बाजारपेठेत उभा राहिला आणि त्यानं आपल्याच हातानं काढलेलं पहिल्यांदा वाचलं. अडखळत, एकेक अक्षर सोडवत. 'उधार मागू नये.' 'आमची कुठेही शाखा नाही.' 'येथे थुंकू नका.' मजकूर त्याला ऐकून ठाऊक होता. पण कुणी न सांगता तो अक्षरांतून उठून समोर आला की त्याला नवल वाटे. ही भिंत मी रंगवली, आणि ती इतकी वर्षं लोकांशी बोलत होती, मला सोडून!

चंद्रप्पांच्या रेशन दुकानापाशी सुजाता थबकली. ती बोर्डाकडं पाहत राहिली.

"बाबा, वाचा बरं."

"स्वस्थ… धान्य… दुकान."

"स्वस्थ न्हाई. स्वस्त पायजे. ह्ये चुकलंय."

श्रीमंतनं पुन्हा पाहिलं. खरंच. चिठ्ठी चंद्रप्पांनीच लिहून दिली होती आणि त्यानं इमानानं मोठी केली होती. तो दुकानात शिरला. चंद्रप्पा, कपाळाला भस्म लावलेले, दारालगतच्या रिकाम्या पोत्यांवर बसून वारा घेत होते.

"आप्पा, बोर्डावर चूक हाय. स्वस्तचं स्वस्थ झालंय. दुरुस्त करून देतो."

"इतके दिवस कुणाला दिसलं न्हाई, अन् आज तुला कसं दिसलं?"

श्रीमंत काही बोलायच्या आत सुजाता बाहेरून ओरडली, "त्यांना आता वाचता येतंय! आधी येत नव्हतं!"

रस्त्यावर दोन-चार माणसं होती. शेजारचा शिंपी मशीन थांबवून पाहायला लागला. श्रीमंतच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्या क्षणाला तो लहानपणापासून भीत आला होता, तो हा असा भर बाजारात येऊन उभा राहिला होता.

चंद्रप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बोर्डाकडं. "राहू दे रे," ते म्हणाले. "यंदा धान्य स्वस्थच हाय. गोदामातून हलतच न्हाई. खरंच लिहिलंस की तू." आणि ते पोट हलवून हसले. शिंपीही हसला आणि त्यानं पुन्हा मशीन सुरू केली. बस्स. आणखी कुणी काही म्हणालं नाही.

श्रीमंत घरी जाऊन डबा, ब्रश आणि शिडी घेऊन आला. तो वर चढला. सुजातानं खाली शिडी धरली.

"नीट बघा हां," ती म्हणाली. "थ चा त करायचा. आधी म्हणा, मग काढा."

"त," श्रीमंत मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं ब्रश बुडवला.

"रंग पोत्यावर सांडू नको रे," आतून चंद्रप्पा म्हणाले.